मुकुटाचा आठवडा

मुकुट घरात आला त्या रविवारी दुपार टळली तरी बंदरावरचं धुकं उठलं नव्हतं. आधी बँडचा आवाज आला, मग मिरवणुकीतल्या मुलींचे पांढरे झगे दिसले, आणि सगळ्यांत शेवटी, जणू कुणी हातात धरलेलाच नाही असा, तो चांदीचा मुकुट धुक्यातून तरंगत फाटकाशी आला. त्याच्या टोकावरचं चांदीचं कबुतर दहिवरानं ओलं झालं होतं. लिओनोरनं एप्रनला हात पुसले आणि तो घेतला. वाटलं होतं त्यापेक्षा तो हलका निघाला.

बाहेरच्या खोलीत सासूबाईंनी सात पायऱ्यांची वेदी रचली होती. पांढरी लेस, कागदी गुलाब, वर मेणबत्त्या. देओलिंडाबाई जानेवारीपासून ते गुलाब वळत होत्या. टीव्ही बघताना, फोनवर बोलताना, डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्या असताना. पवित्र आत्म्याच्या मंडळात दर वर्षी चिठ्ठ्या टाकतात. ज्याचं नाव निघेल त्याच्या घरी मुकुट एक आठवडा राहायला येतो, असे सात आठवडे. शेवटचा, सातवा मान सगळ्यांत मोठा. तीन वर्षं सासूबाई स्वतःचं नाव न टाकता सुनेचं टाकत होत्या, आणि या वर्षी ते सातव्या आठवड्यालाच निघालं.

यामागे नवस होता, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी मटिल्दा सातव्या महिन्यात जन्मली. दोन पौंडांची. पोर जगली तर मुकुट घरी आणीन आणि तिच्या भारोभार गोड पाव वाटीन, असं आजी पवित्र आत्म्याला बोलली होती.

"तेव्हाच फेडला असतास तर दोन पावांत भागलं असतं," बेल्मिरो, लिओनोरचे सासरे, बायकोला चिडवत. "आता पोरगी रोज लोणी खाते, आणि पीठ मळायचं आपण."

मुकुट वेदीवर ठेवून लिओनोर मागे सरली. मेणबत्त्यांच्या उबेनं कबुतराच्या चोचीवरचा थेंब सुकत चालला होता. ती बघत राहिली. तिला एक सवय होती, फार जुनी. दोन गोष्टी एकमेकींवर आदळणार असं दिसलं की ती गप्प बसायची. गप्प राहिलं की त्या आपापसात मिटवून घेतील असं तिला मनातून वाटायचं. मार्चपासून ती अशीच गप्प होती.

मंगळवारी दुपारी एक वाजता तिला उत्तरेकडच्या एका विद्यापीठात, इथून तासाभराच्या वाटेवर, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हजर व्हायचं होतं. सेंद्रिय रसायन, वर्षाचा अभ्यास आठ आठवड्यांत. वैद्यकीय महाविद्यालयाला अर्ज करायचा तर जे विषय आधी लागतात त्यांतला हा शेवटचा. तिची पदवी होती इतिहासाची. नोकरी होती इस्पितळातल्या दुभाष्याची. पोर्तुगीज आज्यांची दुखणी इंग्रजीत डॉक्टरांना सांगायची आणि डॉक्टरांची उत्तरं आज्यांना. दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गांना बसून तिनं गावातल्याच कॉलेजात जीवशास्त्र केलं, भौतिकशास्त्र केलं. हा एक विषय मात्र इथं उन्हाळ्यात शिकवतच नाहीत. बाहेरच्या विद्यापीठात करायची परवानगी, इथल्या सल्लागाराची सही, तिथला प्रवेश, सगळं झालं होतं. ऑगस्टच्या आत गुण हातात आले नाहीत तर अर्ज वर्षभर पुढे. ती एकतीस वर्षांची होती. आणि पहिल्याच तासिकेला जो गैरहजर, त्याचं नाव कमी होतं. प्रतीक्षायादीवर अडतीस जण टपून बसले होते.

हे घरात फक्त दुआर्तेला, तिच्या नवऱ्याला माहीत होतं, आणि तो शिंपल्यांच्या बोटीवर होता, किनाऱ्यापासून दीडशे मैल आत. जाताना म्हणाला होता, "आईला मी आल्यावर सांगू." तो यायचा होता शुक्रवारी.

लिओनोरनं गणित मांडलं होतं. पाचला प्रयोगशाळा सुटते, साडेसहापर्यंत घर. जपमाळ सातला. कुणाला कळायचंही नाही.

रविवारच्या जपमाळेला खोली भरली. जिन्याच्या पायऱ्यांवरही माणसं बसली होती. म्हाताऱ्यांचे आवाज वर चढत, थांबत, परत खाली येत. खिडकीबाहेरचं धुकंही त्याच लयीत श्वास घेतंय असं वाटत होतं. लिओनोरचे ओठ हलत होते, पण आत दुसरंच काही चाललं होतं: मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्यूटेन. तीही नावं त्याच चालीवर बसतात हे लक्षात येऊन तिला दचकायला झालं.

तेवढ्यात आजीबायांच्या गुडघ्यांमधून वाट काढत मटिल्दा आली. अंगात जमिनीवर लोळणारा पांढरा कोट, डोळ्यांवर अर्धा चेहरा झाकणारा प्लास्टिकचा चष्मा. ती थेट वेदीपुढे जाऊन उभी राहिली आणि मुकुटाकडे मान वर करून बघू लागली.

जप अडखळला. शेजारच्या पेर्पेतुआबाई हसू दाबत म्हणाल्या, "अगं बाई, ही कोण? पाणबुडी आली की काय?"

खोलीभर हशा पिकला. हसली नाही ती एकटी लुसिंडा, दुआर्तेची थोरली बहीण. तिनं भाचीच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, उलटसुलट करून पाहिला आणि भावजयीकडे नुसती नजर टाकली.

माणसं सोपास, म्हणजे रस्स्यात भिजवलेला पाव, जेवून गेली. पुदिन्यावर ओतलेला गोमांसाचा रस्सा आणि दालचिनी यांचा वास घरभर रेंगाळत होता. लुसिंडानं चष्मा स्वयंपाकघरातल्या टेबलावर मधोमध ठेवला.

"हे काय?"

"प्रयोगशाळेचा चष्मा आहे, ताई."

"ते मला दिसतंय. दातांच्या दवाखान्यात बारा वर्षं बसतेय मी. कुणाची प्रयोगशाळा?"

लिओनोरनं सांगितलं. सांगताना तिनं सगळं वाजवीपेक्षा लहान करून सांगितलं. आठच आठवडे, एकच विषय, तासाभराचाच रस्ता. देओलिंडाबाई उरलेल्या पुदिन्याची पानं खुडत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"डॉक्टर?" बेल्मिरोंनी खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे आपल्या घरात डॉक्टर? मग माझ्या गुडघ्याचं काय ते आताच बघून टाक."

"बाबा, तुम्ही गप्प बसा," लुसिंडा म्हणाली. "आणि दुसऱ्या गावाला कशाला? आमच्या डॉक्टरांचा मुलगा सांगत होता, इथं जमत नाही ना, की लोक सोपं विद्यापीठ हुडकत गावोगाव फिरतात."

"इथं उन्हाळ्यात तो वर्गच नसतो. आणि तिथलं सोपं असतं तर मी दोन महिने आधीपासून पुस्तक घेऊन बसले असते का?"

"कधी बसलीस? आम्हाला कधी दिसली नाहीस."

"न्हाणीघरात," लिओनोर म्हणाली.

बेल्मिरो मोठ्यानं हसले. "तरीच. मला वाटायचं हिला पोटाचं काहीतरी आहे."

देओलिंडाबाईंनी पुदिन्याचे देठ गोळा करून टोपलीत टाकले. "मंगळवारी तू कुठंही जायची नाहीस," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

"आई, साडेसहाला मी परत असेन. जपमाळेच्या आधी. ताट, मेणबत्त्या, सगळं—"

"मी काय नवस बोलले होते, माहितीये तुला?"

"मुकुट आणि पाव."

"आणि उंबरा. मुकुट घरात असेतो पोरीची आई उंबरा ओलांडणार नाही. तो घराबाहेर पडेल, मग ती पडेल."

फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"हे तर मलाही ठाऊक नव्हतं, देओलिंडा," बेल्मिरो म्हणाले.

"कसं असेल? तुम्ही तेव्हा इस्पितळाखाली गाड्यांच्या तळावर सिगरेटी ओढत होता."

बेल्मिरोंनी बशीत बोट फिरवलं. मघाशी सुनेच्या बाजूनं पुढे ओढलेली खुर्ची त्यांनी हळूच मागे घेतली. लिओनोरला ते दिसलं. तिला असल्या गोष्टी नेहमी दिसत. कोण कुठं सरकलं, कुणी श्वास रोखला. पाळण्यातल्या पोरीची छाती वरखाली होते की नाही हे बघत काढलेल्या रात्रींनी तिला ती नजर दिली होती.

"माझाही एक नवस होता," लुसिंडा अचानक म्हणाली. ती कुणाकडेच बघत नव्हती. "आठवतो का कुणाला? बाबांची बोट तीन दिवस सापडत नव्हती. मी अठराची होते. नर्सिंगच्या शाळेचं पत्र आलेलं, फ्रिजवर लावलेलं होतं. आई बोलली, हे परत आले तर पोरगी वर्षभर मंडळाच्या स्वयंपाकघरात राबेल." तिनं चष्म्याचा पट्टा सरळ केला. "बाबा आले. मी राबले. पुढच्या वर्षी पत्र आलं नाही."

"ते तू कधी बोलली नाहीस," बेल्मिरो म्हणाले.

"तुम्ही जिवंत समोर बसलेले. काय बोलणार?"

ती उठली आणि भांडी घासायला लागली. कितीतरी वेळ पाणी वाहत राहिलं.

सोमवारी सकाळी मटिल्दाचं वजन करायचं होतं. बेल्मिरो तिला कडेवर घेऊन काट्यावर चढले, मग तिला खाली ठेवून एकटे चढले, आणि दोन्ही वेळा पोट आत ओढलं. लुसिंडानं वजाबाकी केली.

"एकतीस पौंड."

"एवढी कशी? परत कर."

"तुमचं पोट आत ओढून काटा फसत नाही, बाबा. एकतीस."

एकतीस पौंडांचे पाव म्हणजे गुरुवारपासून भट्टी. देओलिंडाबाई अंडी मोजून बाजूला ठेवत होत्या. सकाळपासून त्या सुनेशी फक्त कामापुरतं बोलत होत्या. पीठ तिकडे, झाकण इकडे. त्यात राग नव्हता. बोलून झालंय, आता उरलंय ते करायचं, एवढंच होतं. त्याचीच लिओनोरला भीती वाटत होती. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

दुपारी घर रिकामं झालं. मटिल्दा झोपली. धुकं आज अंगणापर्यंत आलं होतं. फाटक दिसत नव्हतं, रस्ता दिसत नव्हता, खिडकीबाहेर जग म्हणून काही उरलंय की नाही अशी शंका यावी. मेणबत्त्या बदलायला लिओनोर बाहेरच्या खोलीत गेली, तर सासूबाई मुकुटासमोर खुर्ची घेऊन बसल्या होत्या. अंधूक उजेडात त्या एकदम लहानखुऱ्या दिसल्या, झोपेत माणसं दिसतात तशा.

"बस," त्या म्हणाल्या.

लिओनोर पायरीवर बसली. जळकं मेण बोटांनी खरवडत राहिली. मग तिनं विचारलं, "आई, नवस बोलताना मला का विचारलं नाहीत?"

"तुला कुठं शुद्ध होती? रक्तदाब असा चढलेला, पोट फाडून पोर काढलेली, वर झोपेची औषधं. तुला नळ्या, पोरीला नळ्या. तू तिसऱ्या मजल्यावर, ती पाचव्या. मी लिफ्टमध्ये वर-खाली करत होते. लिफ्टची बटणं अजून डोळ्यांसमोर दिसतात मला." त्या थांबल्या. "ती काळी डॉक्टरीण होती ना, केस बारीक कापलेली. ती पोरीच्या काचेच्या पेटीत हात घालून उभी होती. मी विचारलं, जगेल का? ती म्हणाली, माहीत नाही. खोटं बोलली नाही. माझ्याकडे काय होतं द्यायला? गुडघे गेलेले, अनवाणी चालायचं बोलू तर दोन घरंही जायची नाही मी. मग जे होतं ते दिलं. तुला दिलं."

त्यांनी हे असं सांगितलं, जणू दागिन्यांच्या पेटीतली शेवटची बांगडी काढून दिल्याचं सांगत होत्या. लिओनोरला वाटलं होतं आपण चिडू. चिडायला काही हाताला लागेना.

"मीही बोलले होते एक," ती म्हणाली.

"काय?"

"नवसच म्हणा. तुमच्यासारखा मोठ्यानं नाही. जाग आली आणि मला चाकांच्या खुर्चीवरून वर नेलं, तेव्हा तिचा हात पेटीत होता. त्या डॉक्टरणीचा. अख्खा पंजा मटिल्दाच्या पाठीखाली, आणि मटिल्दा त्यावर अशी निजलेली. मी काचेच्या या बाजूला. मनात म्हटलं, ही वाचली तर मी त्या बाजूला उभी राहीन. दुसऱ्या कुणाच्या तरी पोरीसाठी."

देओलिंडाबाईंनी मान वळवून तिच्याकडे नीट बघितलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"कुणाला बोललीस?"

"माहीत नाही. कुणाला असं नाही."

"पण बोललीस? शब्दांत?"

"हो."

"आणि तीन वर्षं तो तसाच ठेवलास?"

"ठेवला कुठं? दोन वर्षं संध्याकाळी काय करतेय मी?"

बंदराचा भोंगा वाजला, धुक्यातून लांबवर जाऊन विरला. मग सासूबाईंनी विचारलं, अगदी एखाद्या कारकुनासारखं, "कोणत्या दिवशी?"

"काय?"

"तू कोणत्या दिवशी बोललीस? पोर झाली सोमवारी. मी बोलले बुधवारी संध्याकाळी, सहाची घंटा झाली तेव्हा. दोन नवस एकमेकांच्या आड आले तर आधीचा आधी फेडायचा. मायदेशी, आमच्या बेटावर असंच करायचे. माझ्या आजीनं तंटे मिटवलेत यावरून."

लिओनोरला एवढंच म्हणायचं होतं: मंगळवारी. एक शब्द. पण त्या दिवसांना नावंच नव्हती. छत होतं, छतावर हलणारा पाण्यासारखा उजेड होता, कुणीतरी तिचं नाव घेत होतं. मुकुटासमोर बसून ती वार कुठून आणणार?

"मला आठवत नाही, आई," ती म्हणाली. "खरंच नाही. दिवस कळत नव्हते तेव्हा."

ती मान खाली घालून बसली. संपलं, असं तिला वाटलं. आपल्या हातानं संपवलं.

देओलिंडाबाई उठल्या. खुर्चीच्या पाठीला धरून, एकेक गुडघा समजावत. वेदीवरची वाकडी झालेली मेणबत्ती त्यांनी सरळ केली आणि मुकुटाकडे बघतच म्हणाल्या, "मंगळवार असेल."

"आई—"

"मंगळवारच असणार. मला आठवतंय, तुला मंगळवारी जाग आलेली. म्हणजे तुझा आधी." त्यांनी क्रूस केला. "जा उद्या. तुझ्या जागेवर लुसिंडा बसेल. सकाळीच विचारलंय मी तिला."

"ताई काय म्हणाली?"

"म्हणाली, एक पगारी रजा जाईल, आणि पवित्र आत्म्यानं ती भरून द्यावी."

मंगळवारी साडेअकराला लिओनोर निघाली. मटिल्दा आजोबांच्या खांद्यावर बसून आईला टाटा करायचं सोडून त्यांच्या टकलावर तबला वाजवत होती. लुसिंडा फाटकापर्यंत आली. तिनं गाडीच्या खिडकीतून डबा आत दिला आणि वाकून तशीच उभी राहिली.

"एक सांगू?"

"सांग ना, ताई."

"तुला जाग आली गुरुवारी. मी होते तिथं. दुपारचे चार. आईही होती, तुझे पाय चोळत होती." तिनं मागे वळून घराकडे पाहिलं, बाहेरच्या खोलीत मेणबत्त्यांचा पिवळा ठिपका दिसत होता. "माझ्या वेळेला तिला असं काही आठवलं नाही. पण असो. आता निघ, उशीर होईल. आणि तो चष्मा घालून गाडी चालवू नकोस."

लिओनोरनं लुसिंडाचा खिडकीवरचा हात दाबला. पुलावर आली तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पुढच्या गाडीचे दोन लाल दिवे सोडून काही नव्हतं. ती त्या दिव्यांच्या मागून जात राहिली. खाली पाणी असणार, दोन्ही बाजूंना बोटी असणार, पण ती जणू ढगातून हाकत होती. गुरुवार, तिच्या मनात येत होतं. चार वाजता. आयुष्यात कधी एका पैचं खोटं न बोललेली बाई, मुकुटाच्या समोर.

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती. उंच खिडक्या, काळ्या दगडी पाट्यांची टेबलं, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलं. शिकवणाऱ्या पोरसवदा बाईनं नावं घेतली, जागा दिल्या, आणि प्रत्येकापुढे एक कार्ड ठेवलं. "हे भरा. मग फोन खणात, खण बंद. पाचला सुटेपर्यंत कुणीही फोन बाहेर काढायचा नाही. तशीच वेळ आली तर ऑफिस तुम्हाला बोलवेल."

चार तास. मटिल्दा जन्मल्यापासून लिओनोर तिच्यापासून पंधरा मिनिटांपेक्षा लांब कधी गेली नव्हती, आणि फोन कधी खिशाबाहेर ठेवला नव्हता. खिडकीबाहेर धुकं आता पातळ झालं होतं, आणि अनोळखी गावाची छपरं एकेक करून वर येत होती.

तिनं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. शेवटचा रकाना होता: अडचण आली तर कुणाशी बोलायचं. सवयीनं तिनं 'दुआर्ते' लिहायला घेतलं आणि थांबली. बोटीवर फोन लागत नाही. आजवर अशा वेळी ती पुढची ओळ कोरी ठेवायची. पाळणाघराच्या कागदावर, मुलांच्या डॉक्टरकडे, सगळीकडे. तिला नेहमी वाटायचं, काही झालंच तर सासूबाई आधी गुडघ्यांवर बसतील आणि मग फोनकडे बघतील.

तिनं नवऱ्याचं नाव खोडलं. वर सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: देओलिंडा. नंबर तिला पाठ होता. नात्यासाठी सोडलेल्या जागेत तिनं 'आई' लिहिलं, कार्ड पुढे सरकवलं, फोन खणात ठेवला आणि किल्ली फिरवली.